नाममुद्रा नसलेले पद

१/
मित्रहो, वऱ्हाडच्या इतिहासावरील या मालिकेत आजवर आपण किल्ले पाहिले, कापसाच्या पेठा पाहिल्या, जंगल सत्याग्रह पाहिला. आजचा विषय एक गीतकार आहे. त्याने रंगभूमीसाठी लिहिलेली पदे शंभर वर्षांच्या उंबरठ्यावर आली असूनही गायली जातात. त्याचे नाव मात्र त्याच्याच जिल्ह्यात फारसे कोणी घेत नाही. आरंभ माझ्या घरातून करते, कारण त्या नावाचा विसर मला प्रथम तिथेच आढळला.

२/
माझे घर गुरुकुंज मोझरीचे. अमरावतीहून नागपूरकडे निघाले की एसटीने तासाभरात आमचे गाव लागते. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीचा ठेका यांवर आमच्या गावाचे घड्याळ चालते. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबाजी म्हणतो, तरुणपणापासून भजन मंडळात खंजिरी वाजवत आले. त्यांचा एक नियम होता : भजनाचे शेवटचे कडवे गाळायचे नाही. आम्ही मुले घाईत असलो, भूक लागलेली असली, तरी ते खंजिरी थांबवत आणि म्हणत, "ज्यानं लिवलं त्याचं नाव घेतल्याबिगर उठू नये, माय. ते उधारी ठेवल्यावानी व्हते."

३/
शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफण्याच्या या रीतीला नाममुद्रा म्हणतात. नामदेव, तुकाराम, जनाबाई, चोखामेळा यांच्या अभंगांत ती आहे. आमच्या गावी ती 'तुकड्या' या शब्दात आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९चा, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. मराठीत आणि हिंदीत त्यांनी विपुल भजने रचली, 'ग्रामगीता' लिहिली. १९४२च्या लढ्यात इंग्रज सरकारने त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. सरकारने खंजिरीची धास्ती घ्यावी, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'तुकड्या' हे नाव मोठे नम्र आहे. परंतु ते प्रत्येक भजनात आहे. त्यामुळे मोझरीत वाढलेल्या मुलाला हे भजन कोणाचे, असे विचारावे लागत नाही. भजनच ते सांगते.

४/
आबाजी आणखी एक गाणे गुणगुणत. बहुधा पहाटे, गोठ्यात गाईला वैरण टाकताना. ते भजनासारखे नव्हते. त्यात ताना होत्या, ज्या आबाजींच्या गळ्याला पेलत नसत. तिथे ते हसून पुढे जात. पारतंत्र्याचे दुःख त्या पदात होते, एवढे मला लहानपणीही कळत असे. त्याच्या शेवटी मात्र कोणाचेच नाव येत नसे. मी एकदा विचारले, हे कोणाचे? आबाजी म्हणाले, "दीनानाथाचं हाय ते. लताबाईच्या बापाचं." त्यांच्या वडिलांनी ते ग्रामोफोनवर ऐकले होते आणि त्यांच्याकडून ते यांच्याकडे आले होते. घरात तीन पिढ्या राहिलेले ते गाणे दीनानाथ मंगेशकरांचे, यावर कोणी शंका घेतली नाही. मीही घेतली नाही. महाविद्यालयात असताना एका कार्यक्रमाचे निवेदन माझ्याकडे होते. त्यात हे पद होते आणि मी ध्वनिक्षेपकावरून सांगितले, "मास्टर दीनानाथांची ही अजरामर रचना." सभागृहात कोणी आक्षेप घेतला नाही. कोणाला ठाऊकच नव्हते.

५/
पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी मला मराठी रंगभूमी आणि राष्ट्रीय चळवळ या विषयावर निबंध लिहायचा होता. ग्रंथालयात 'रणदुंदुभि' या संगीत नाटकाची जुनी प्रत मिळाली. पाने इतकी ठिसूळ झाली होती की उलटताना श्वास रोखावा लागे. मधल्या एका पानावर आबाजींचे पद होते. मी मुखपृष्ठाकडे परत गेले. नाटककार : वीर वामनराव जोशी. अमरावतीचे. आमच्या दारावरून जाणारी एसटी जिथे थांबते, त्या शहराचे. तीन पिढ्या आम्ही ज्याचे शब्द गायलो तो मनुष्य आमच्याच जिल्ह्यातला होता, आणि त्याच्या नावाची उधारी आमच्या घरात तशीच पडून होती.

६/
वामन गोपाळ जोशी यांचा जन्म १८८१चा, मृत्यू १९५६चा. ते टिळकांचे अनुयायी, पत्रकार, फर्डे वक्ते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला आणि 'वीर' ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. रंगभूमीवर त्यांचे नाव प्रथम गाजले ते 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' या नाटकाने, १९१३च्या सुमारास. केशवराव भोसले यांच्या 'ललितकलादर्श' मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि स्वतः केशवरावांनी त्यात मृणालिनीची भूमिका केली. स्त्री-भूमिका पुरुष नट करीत, असा तो काळ. त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी, १९२७ साली, 'रणदुंदुभि' आले. हे नाटक 'बलवंत संगीत मंडळी'चे. दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ साली ही मंडळी काढली होती. 'रणदुंदुभि'तील तेजस्विनीची भूमिका दीनानाथांची. पदांना चाली दिल्या रामकृष्णबुवा वझे यांनी.

७/
इथे क्षणभर थांबून नाट्यपद कसे घडत असे ते पाहू, कारण गीतकाराचा विसर पडण्याची कारणे त्या घडणीतच आहेत. संगीत नाटकाचा नाटककार हाच सहसा त्याचा गीतकार असे. चाल बहुधा आधी ठरे : एखादी ख्यालाची बंदिश, एखादी ठुमरी, पारशी नाटकातली एखादी लोकप्रिय धून. नाटककाराला त्या चालीच्या मापात शब्द बसवावे लागत. समेवर कोणते अक्षर पडेल, तानेसाठी लांब स्वर कुठे मोकळा ठेवायचा, हे ध्यानात घेऊन लिहिणे हे कवितेहून वेगळे, कसबी काम आहे. छापील नाटकात पदाच्या माथ्यावर मूळ चाल, राग आणि ताल यांची नोंद असे. आपल्या वऱ्हाडचेच श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 'वीरतनय' या १८९६ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकापासून पारशी रंगभूमीच्या उडत्या चाली मराठीत आणल्या, तेव्हा जुन्या रसिकांनी नाके मुरडली आणि तरुणांनी त्या डोक्यावर घेतल्या. कोल्हटकरांचे शालेय शिक्षण अकोल्याचे, वकिली अकोला, खामगाव आणि जळगाव जामोदची. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीला शब्द पुरवणारा एक झरा वऱ्हाडात होता, तो असा.

८/
पद रंगभूमीवर आले की ते गायकाचे होई. प्रेक्षक 'वन्स मोअर' देत तो गळ्याला. ध्वनिमुद्रिका आली तेव्हा तर नाटक गळून पडले, प्रसंग गळून पडला, पात्रही गळून पडले. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत उरला तो एक आवाज. दीनानाथांचा आवाज तर असा की त्यांच्यासमोर दुसरे काही आठवू नये : धारदार, आक्रमक, सतत अनपेक्षित वळणे घेणारा. वझेबुवांची चाल अभिजात संगीताच्या जाणकारांनी ओळखली. शब्द मात्र सर्वांना पाठ झाले, आणि जे सर्वांना पाठ असते त्याचा धनी कोण, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

९/
तरीही केवळ 'अन्याय झाला' असे म्हणून मला थांबता येईना. निबंध लिहिताना एक दुसरी गोष्ट ध्यानात आली. १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारला कोणत्याही नाटकाचा प्रयोग बंद करता येत असे. खाडिलकरांच्या 'कीचकवध' या गद्य नाटकावर १९१० साली बंदी आली, हे प्रसिद्धच आहे. त्याच वर्षीच्या मुद्रण कायद्याने वृत्तपत्रांकडून जामीन मागण्याचे आणि तो जप्त करण्याचे हत्यार सरकारच्या हाती आले. वामनराव नाटककारही होते आणि पत्रकारही. या दोन्ही कायद्यांच्या छायेत त्यांची लेखणी चालली. त्या लेखणीतून पद उतरले ते एका काल्पनिक राज्यातील पात्राच्या तोंडी. ते पात्र आपल्या पारतंत्र्याविषयी गाते. इंग्रजांचे नाव नाही, हिंदुस्थानाचे नाव नाही. प्रेक्षकाला मात्र सारे समजते. प्रयोग बंद पाडता येतो, अंक जप्त करता येतो. गोठ्यात गाईला वैरण टाकणाऱ्या मनुष्याच्या ओठांवरचे पद कोणत्या कलमाखाली जप्त करणार? ज्या विस्मरणाने वामनरावांचे नाव पुसले, त्याच विस्मरणाने त्यांचे पद राखले, असे मला वाटू लागले. निनावी झालेले गाणे सर्वांचे झाले आणि सर्वांचे झाले म्हणून ते सरकारच्या हाती लागले नाही.

१०/
१९२७ या वर्षाविषयी आणखी एक नोंद केल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रंगभूमीवर 'रणदुंदुभि' पारतंत्र्याचा प्रश्न मांडत होते, त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवी मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी उघडावे, यासाठी सत्याग्रहाची तयारी चालू होती. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली, आणि ती भरली इंद्रभुवन नाट्यगृहात. डॉ. पंजाबराव देशमुख या चळवळीत अग्रभागी होते. नाटके आणि सभा या शहरात अशा एकाच छपराखाली वावरत होत्या. पदातले स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न त्या छपराखाली उघडपणे विचारला गेला. राष्ट्रीय पदे गाणाऱ्या सर्वांनी त्याचे उत्तर सारखे दिले नाही. गाणे सर्वांचे झाले, असे मी वर लिहिले; त्यातील 'सर्व' या शब्दाखाली मी पेन्सिलीने एक रेघ ओढून ठेवली आहे.

११/
रंगभूमीचे दिवस मात्र भरत आले होते. १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीतून बोलू लागला. गोविंदराव टेंबे यांच्यासारखे रंगभूमीचे संगीतकार-नट बोलपटात गेले. दीनानाथांच्या मंडळीनेही 'बलवंत पिक्चर्स' काढून 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट १९३४ साली आणला. त्यात त्यांना मोठी खोट आली. १९४२ साली दीनानाथ वारले तेव्हा थोरली कन्या लता बारा वर्षांची होती आणि धाकटा हृदयनाथ अवघा चार वर्षांचा. वामनराव बोलपटाकडे वळले नाहीत. १९३० साली अकोला जिल्ह्यातील दहिहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून वऱ्हाडने सविनय कायदेभंग केला. वऱ्हाडच्या त्या काळातील काँग्रेस पुढाऱ्यांत वामनरावांचे नाव होते. रंगभूमी हा त्यांच्यासाठी धंदा कधीच नव्हता. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच नाटके त्यांनी लिहिली, आणि दोन नाटकांच्या मधली वर्षे देशकार्यात गेली.

१२/
बोलपटात गीतकार हा वेगळा व्यवसाय झाला, श्रेयनामावलीत त्याला स्वतंत्र ओळ मिळाली. तरी विसर संपला नाही. 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'साठी शांताराम आठवले यांनी एक अभंग लिहिला. तो इतका अस्सल उतरला की तो तुकोबांचाच आहे, असे समजून लोक गाथेत शोधू लागले. गीतकाराच्या कसबाला याहून मोठी पावती नाही आणि याहून मोठी शिक्षाही नाही.

१३/
आता या कथेतील सर्वांत विलक्षण धागा. १९३२ साली अमरावतीत एक मूल जन्मले : सुरेश भट. वामनराव वारले तेव्हा हा तरुण चोवीस वर्षांचा होता. पुढे मराठी गझलेला त्याने घर मिळवून दिले. १९७०च्या 'घरकुल' चित्रपटात त्याची कविता आशा भोसले यांनी गायली. १९७९च्या 'सिंहासन'साठी आणि १९८२च्या 'उंबरठा'साठी त्याच्या शब्दांना चाली दिल्या हृदयनाथ मंगेशकर यांनी. 'सिंहासन'मध्ये आवाज आशाबाईंचा, 'उंबरठा'मध्ये लताबाईंचा. म्हणजे पाहा : १९२७ साली अमरावतीच्या एका गीतकाराचे शब्द दीनानाथांच्या गळ्यात गेले, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांनी अमरावतीच्याच दुसऱ्या कवीचे शब्द दीनानाथांच्या मुलाबाळांकडे आले. बाप स्वातंत्र्याची आस गायला. मुलीने ते मिळाल्यानंतरचा भ्रमनिरास गायला. दोन्ही वेळी राजकारण शब्दांत होते आणि शब्द वऱ्हाडातून गेले होते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ही जोडी मला एकत्र भेटली नाही. गायकांच्या नावाने इतिहास लिहिला की ती एका घराण्याची कथा होते. गीतकारांच्या नावाने लिहिला की तीच एका शहराची कथा होते.

१४/
सुटीत घरी गेले तेव्हा आबाजींना हे सारे सांगितले. मला वाटले होते, त्यांना आनंद होईल. आपल्या अमरावतीचा माणूस, कोणाला आनंद होणार नाही? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग इतकी वर्सं आपुन कोनाचं नाव खाल्लं म्हनावं?" त्यांच्या आवाजात अपराध होता. मी म्हटले, आबाजी, यात तुमचा काय दोष, पदात नाव नव्हतेच. ते म्हणाले, "नोयतं म्हनूनच तं इचारा लागत व्हतं."

१५/
इतिहासाच्या अभ्यासपद्धतीवर मी बरीच पुस्तके वाचली आहेत. साधनचिकित्सा, अंतर्गत पुरावा, बहिर्गत पुरावा, हे सारे परीक्षेत लिहिले आहे. आबाजींचे हे वाक्य मला त्या सर्वांच्या वर ठेवावेसे वाटते. ज्या साधनावर नाव आहे त्याला विचारावे लागत नाही. नाव नाही, तिथेच विचारणे हे आपले काम. माझी चूक तीच होती : ध्वनिक्षेपक हातात असताना मी विचारले नाही. त्या सभागृहात बसलेल्या दोन-तीनशे तरुणांपर्यंत मी एक खोटी नाममुद्रा पोहोचवली. ती परत घेता येत नाही. हा लेख लिहिण्याचे एक कारण तेही आहे.

१६/
मार्गदर्शक प्राध्यापकांनी माझ्या निबंधाचा आराखडा पाहून विचारले होते, "एवढ्या थोड्या नाटकांवर कारकीर्द कशी उभी करणार?" प्रश्न रास्त होता. सध्या माझे उत्तर असे आहे. लेखकाची कारकीर्द त्याच्या ग्रंथसूचीवरून मोजता येते. गीतकाराची मोजायची तर त्याचे शब्द किती ओठांवर, किती वर्षे, कोणकोणत्या गरजेसाठी टिकले, ते पाहावे लागते. त्या मापाने वामनरावांची कारकीर्द १९५६ साली संपली नाही. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे दीनानाथांच्या गायकीचा वसा आयुष्यभर चालवत राहिले. नाट्यसंगीताच्या स्पर्धांत आजही मुले 'रणदुंदुभि'तील पदे गातात. आणि मोझरीतल्या एका गोठ्यात ती कारकीर्द रोज पहाटे, ताना वगळून, चालू आहे.

१७/
दरवर्षी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात गावोगावच्या दिंड्या गुरुकुंजात येतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या निर्वाणाच्या वेळी, सारा जनसमुदाय मौन पाळतो. गेल्या महोत्सवाच्या रात्री आमच्या अंगणात पाहुणे बसले होते. भजने झाली, प्रत्येक भजन नाममुद्रेसह पुरे झाले. मग कोणीतरी आबाजींना त्यांचे ते जुने पद म्हणायला सांगितले. आबाजींनी खंजिरी बाजूला ठेवली, घसा साफ केला, आणि गाण्याआधी, प्रार्थनेतले नाव घ्यावे तितक्या सावकाश म्हणाले, "वीर वामनराव जोशी. अमरावती." मग गायले. तानेपाशी नेहमीसारखेच हसून पुढे गेले.

१८/
मित्रहो, मालिकेच्या प्रथेप्रमाणे शेवटी तुमच्याकडे एक काम सोपवते. तुमच्या घरी कोणीतरी एखादे पद, एखादे जुने चित्रपटगीत गुणगुणत असेल. ते कोणी गायले हे तुम्हाला ठाऊक असेलच. लिहिले कोणी, ते शोधा. नाव सापडले की गाणाऱ्याला सांगा, त्याला कदाचित माझ्या आबाजींसारखे वाईट वाटेल, तरी सांगा. पुढच्या भागात कोल्हटकरांच्या खामगावकडे जाऊ.